बुधवारच्या बाजारातली एनपीसी
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: गोदाघाट, बुधवारचा आठवडे बाजार. गर्दी. मग जवळून: मेथीच्या जुड्या, मागे निळी ताडपत्री.]

मुलगा विचारतो, "मावशी, मेथी कशी दिली?"
"ताजी आहे बाळा, सकाळचीच तोडलीय."
"हो, पण दिली कशी?"
"ताजी आहे बाळा, सकाळचीच तोडलीय."

तोच सूर, मानेला तोच हेलकावा, जुडीवर टेकलेला तोच हात. मुलगा कंटाळून निघतो, तरी पाठीमागून तेच वाक्य येतं.

गेम खेळणाऱ्याने लगेच ओळखलं: मावशी एनपीसी, म्हणजे नॉन-प्लेयर कॅरेक्टर आहेत. ज्या पात्राला कोणी खेळाडू चालवत नाही, त्याच्या वाट्याला दोन-तीन ठरलेली वाक्यं येतात आणि तुम्ही काहीही करा, ते तेवढंच बोलतं. ज्याने आयुष्यात गेम खेळला नाही, त्यालाही हसू येतं, कारण भाव विचारल्यावर भाव न सांगणारं माणूस त्याने पाहिलेलं असतं. गेमिंगवरचं चांगलं स्किट असं दोन्हीकडे लागू पडतं. त्यासाठी गेममधला एकच नियम उचलायचा आणि तो नाशिकच्या रस्त्यावर पूर्ण गांभीर्याने लागू करायचा. साठ ते नव्वद सेकंदांत दुसरा नियम मावत नाही. पात्रांनी हसायचं नाही, डोळा मारायचा नाही. त्यांच्या दृष्टीने जग असंच चालतं.

आता हे चित्रित कसं होतं ते पाहू.

[दृश्य: जुन्या वाड्याचा चौक. दोरीवर बांधलेली ताडपत्री, खाली चार क्रेट, त्यावर मेथी.]

मावशींचं वाक्य तीनदा बोलून घ्यायचं नाही. कितीही कसलेला कलाकार असला तरी तिसऱ्या वेळी सूर हलतो. एकच टेक घ्यायचा आणि एडिटिंगमध्ये त्याच्या प्रती लावायच्या. म्हणून मावशी आणि मुलगा एका फ्रेममध्ये नकोत, दोघांचे शॉट वेगळे. खऱ्या बाजारात हा प्रयोग फसतो. मागून जाणारा सायकलवाला प्रत्येक प्रतीत पुन्हा जातो, "दहाला दोन" अशी आरोळी दर वेळी त्याच जागी येते, आणि प्रेक्षकाचं लक्ष वाक्यावरून उडतं. त्यामुळे चित्रण वाड्यात, साध्या ताडपत्रीसमोर करायचं. बाजाराचा गोंगाट बुधवारी सलग दोन मिनिटं वेगळा रेकॉर्ड करून सगळ्या शॉट्सखाली एकसंध पसरायचा. बाजाराचा दुरून घेतलेला एक शॉट सुरुवातीला पुरतो. तोही विक्रेत्यांना विचारून आणि चेहरे जवळून न दाखवता.

संवादासाठी हजार रुपयांच्या आसपास मिळणारा, वायरचा कॉलर माइक दुसऱ्या मोबाइलला जोडून तो मोबाइल कलाकाराच्या खिशात ठेवायचा. दोन्ही मोबाइल सुरू झाले की एक टाळी वाजवायची. एडिटिंगला आवाज आणि चित्र त्या टाळीवर जुळतात.

लॅग दाखवणं याहून अवघड, आणि सगळ्यात जास्त स्किट इथेच मार खातात. नेट अडकलं की गेममधला खेळाडू जागीच गोठतो आणि मग एकदम चार पावलं पुढे उगवतो. पहिल्यांदा करणारे अख्खी फ्रेमच गोठवतात. मोबाइलवर पाहणाऱ्याला वाटतं की आपलंच नेट गेलं, आणि तो अंगठ्याने पुढे सरकतो. गोठायला हवा फक्त माणूस. बाजूने रिक्षा धावत राहिली पाहिजे, चहाच्या टपरीवरची वाफ उठत राहिली पाहिजे.

[दृश्य: फुटपाथवर चालणारा मुलगा पाय उचललेल्या अवस्थेत गोठतो. रस्त्यावरची वाहतूक सुरूच.]

यासाठी ट्रायपॉड हलता कामा नये. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. आधी मुलगा चालतो तो शॉट, मग कोणी नसलेल्या त्याच जागेचा मिनिटभराचा शॉट. एडिटिंगला गोठलेला मुलगा मास्कने (चित्रातला हवा तेवढाच भाग वेगळा करणाऱ्या साधनाने) कापून रिकाम्या शॉटवर बसवायचा. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत दहा-बारा फ्रेम गोठवून नंतर पंधरा फ्रेम गाळल्या की झटका बरोबर बसतो. त्याहून लांबवलं तर माणूस मुद्दाम थांबलाय असं वाटतं. मुलाच्या लगेच मागे सपाट भिंत असलेली जागा निवडा. मागे झाड असेल तर मास्कच्या आतली पानं थांबतात, बाहेरची हलतात आणि कड उघडी पडते. दोन शॉट्सच्या मधे ढग आला तरी तेच होतं, म्हणून ते लागोपाठ घ्यायचे.

कॅमेरा थांबवून किंवा एकेक फ्रेम टिपून जादू करणं या जिल्ह्याला नवं नाही. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचा अंकुर वाढताना एकेक फ्रेम घेऊन दाखवला होता, आणि 1913 नंतर त्यांचं बरंचसं काम नाशिकमधून चाललं. मेलेला खेळाडू पुन्हा उगवतो तो 'रिस्पॉन' आजही त्याच धीराने होतो: ट्रायपॉड स्थिर, पात्र बाहेर, पात्र आत, मधला भाग कापला.

[दृश्य: पाठीमागून दिसणारा खेळाडू, कॅमेरा त्याच्याबरोबर वळतो.]

पाठीमागचा थर्ड पर्सन कॅमेरा हवा असेल तर पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणा. साडेतीन फुटांचे दोन पाइप समांतर, मधे आडवा तुकडा. एकाच पाइपवर मोबाइल चालताना गरागरा फिरतो. हा सांगाडा जुन्या सॅकच्या तळाशी, कंबरेच्या उंचीवर पक्का बांधायचा आणि तिरका वर-मागे न्यायचा, म्हणजे मोबाइल डोक्याच्या उंचीवर, तीनेक फूट मागे येतो. पाइपला सोल्यूशन लावून वर प्रत्येक जोडाला एक स्क्रू. मागे ओढ बसते, म्हणून छातीवर एक लिटरची भरलेली बाटली बांधा. लेन्स 0.5 ची, म्हणजे जास्त रुंद दिसणारी, आणि स्टॅबिलायझेशन (हलणं कमी करणारी सोय) बंद. ते सुरू असलं तर मोबाइल रस्ता स्थिर ठेवायला बघतो आणि पात्रच थरथरतं. फ्रेमच्या तळाशी पाइपचा थोडा भाग दिसतोच. शस्त्रांची पट्टी तिथे ठेवली की तो झाकतो.

ही पट्टी, जीवाची लाल रेघ, कोपऱ्यातला नकाशा, सगळं पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून एडिटिंग ॲपच्या बाहेर बनवायचं. काही एडिटिंग ॲप्समध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, म्हणून मजकूरही चित्र म्हणूनच आणावा. 'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' (Baloo) हे फॉन्ट मोफत मिळतात. उभ्या व्हिडिओत उजवी कड आणि तळ ॲपच्या बटणांखाली जातो. तेव्हा नकाशा आणि जीव दोन्ही वर डावीकडे न्यायचे, आणि पाइप झाकायला पट्टीऐवजी फ्रेमच खालून थोडी कापायची.

ठोकळ्यांच्या जगावरचं स्किट असेल तर माइनक्राफ्टमधल्या पात्राचा चेहरा आठ बाय आठ चौकोनांचा असतो. चाळीस सेंटीमीटरचं खोकं घेतलं की प्रत्येक चौकोन पाच सेंटीमीटरचा. रंग पोस्टर कलर नको, घामाने ओघळतो, ॲक्रिलिक घ्या. श्वासासाठी खोक्याच्या तळाची बाजू पूर्ण काढा.

बंदुका रस्त्यावर नकोतच. पुठ्ठ्याची असली तरी दुरून खरी वाटते, लोक घाबरतात, पोलिसांना फोन जातो. लाटणं बंदुकीसारखं धरून गंभीरपणे कोपऱ्यावर दबा धरणारा मुलगा जास्त हसवतो. पांडवलेणीचा मोह सगळ्यांनाच होतो, पण लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे चित्रणाआधी परवानगी घ्या. रामकुंडावर विधी चालू असतात, तिथे लाटणं घेऊन जाऊ नये.

गेममधले आवाज किंवा संगीत उचलू नका, कॉपीराइटचा दावा येतो. स्टीलच्या ताटलीत पडलेलं नाणं, तव्यावर घासलेलं उलथणं, इतक्यात नाण्याची कमाई आणि तलवारबाजी दोन्ही होतात. रेकॉर्ड करताना पंखा आणि फ्रिज बंद.

ट्यूबलाइटखाली चित्रण असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो-मंदावतो. शटर त्याच्याशी जुळलं नाही तर चित्रावर पट्टे सरकतात. आणि मोबाइल फ्रेमचा वेग आपल्या मनाने कमी-जास्त करतो, म्हणून लांब टेकमध्ये टाळी जुळवूनही शेवटी ओठ आणि आवाज सुटतात. एडिटिंगला बसण्याआधी सगळ्या क्लिप हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून सेकंदाला स्थिर 25 फ्रेमवर काढून घ्यायच्या, आणि मूळ फाइल्स व्हिडिओ अपलोड होईपर्यंत पुसायच्या नाहीत.