हार्ड डिस्कसाठी फाइल सिस्टिम निवडताना

मित्रहो, नवी हार्ड डिस्क फॉरमॅट करायला घेतली की पडद्यावर एनटीएफएस, एक्सफॅट, एक्सटी४ अशी फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतींची, नावे येतात आणि बहुतेक जण आधीच निवडलेल्या पर्यायावर क्लिक करून मोकळे होतात. ही निवड पुढे बदलायची तर बहुधा सगळा डेटा दुसरीकडे हलवून डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागते, म्हणून तिचा विचार आधीच करावा, असे मला मनापासून वाटते.

पहिला प्रश्न असा, की ही डिस्क कोणकोणत्या संगणकांना जोडली जाणार आहे? विंडोजच्या आतल्या डिस्कला एनटीएफएस आणि मॅकच्या आतल्या डिस्कला एपीएफएस, इथे फारसा पर्याय नसतो. बाहेरून जोडायची डिस्क विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर फिरणार असेल, तर एक्सफॅट सोयीची पडते. जुन्या फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंतही पोहोचू शकत नाही, त्यामुळे लग्नाचे सलग व्हिडिओ चित्रीकरण तिच्यावर उतरवताना कॉपी अडकते.

मात्र एक्सफॅटमध्ये जर्नल नाही, आणि आपल्याकडे वीज कधीही जाते हे लक्षात घेता ही बाब थोडी सविस्तर पाहायला हवी. एखादी फाइल साठवताना डिस्कवर फक्त मजकूर लिहिला जात नाही. फोल्डरमधली नोंद, फाइलचा आकार आणि कोणती जागा व्यापली याचा हिशेब, असे बदल वेगवेगळ्या ठिकाणी करावे लागतात. ते अर्धवट असताना वीज गेली, तर या नोंदींचा एकमेकींशी मेळ राहत नाही. दुकानदार व्यवहार आधी रोजमेळात टिपतो आणि मग खतावणीत चढवतो, तसे जर्नल असलेली फाइल सिस्टिम होऊ घातलेले बदल आधी एका राखीव जागेत लिहून ठेवते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ते पुरे करते किंवा सोडून देते. १९९३ साली आलेली एनटीएफएस आणि २००८ पासून लिनक्समध्ये स्थिरावलेली एक्सटी४ या दोन्हींत ही सोय आहे. परंतु एनटीएफएसमध्ये, आणि एक्सटी४च्या नेहमीच्या मांडणीतही, जर्नलमध्ये जातात त्या नोंदी, फाइलमधला मजकूर नव्हे.

मजकूर नकळत बिघडला तर तो ओळखण्यासाठी बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइल सिस्टिम चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, ठेवतात. एकच डिस्क असेल आणि डेटाची दुसरी प्रत नसेल, तर बिघाड कळतो पण दुरुस्त होत नाही, हे ध्यानात ठेवावे. शिवाय या दोन्ही फाइल सिस्टिम बदललेला भाग जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहितात. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर मोठा डेटाबेस असेल, तर तो विखुरला जाऊन संथ होतो. म्हणून घरच्या लिनक्स संगणकातल्या एकुलत्या हार्ड डिस्कला मी एक्सटी४ सुचवेन, आणि स्नॅपशॉटची, म्हणजे फाइलींची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याची, खरोखर गरज असलेल्यांना बीटीआरएफएस. लिनक्सवरचीच एक्सएफएस ही फाइल सिस्टिमही चांगली आहे, पण तिचा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवर तिने व्यापलेला भाग, नंतर लहान करता येत नाही.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ वर्णचिन्हांची आहे, तर एक्सटी४ आणि बीटीआरएफएसमध्ये २५५ बाइटांची. आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वरी’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटांचा होतो, आणि अख्ख्या नावाला जेमतेम ८५ चिन्हे मिळतात. विंडोजवर बिनतक्रार चालणारी लेखाच्या पूर्ण शीर्षकाची फाइल लिनक्सच्या डिस्कवर उतरवताना नाकारली जाते ती यामुळे. तेव्हा जुनी एनटीएफएस डिस्क रिकामी करण्यापूर्वी लांब नावे आखडून घ्यावीत आणि कॉपी संपल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळते का ते पाहावे.