शब्दाच्या पुढे कोण उभं आहे?

नमस्कार. तुमच्यापैकी निम्म्यांनी अकरावीत मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं असं मघाशी कळलं, काहींना माँट्रियलला जायचंय, आणि मागच्या रांगेतल्या काकांना नातवाशी बोलायचंय. काकांचं कारण मला सगळ्यात पक्कं वाटतं.

आधी माझी चूक सांगतो. शिकायला लागलो तेव्हा मी उच्चार देवनागरीत लिहून घ्यायचो. पुल्लिंगी एकवचनाचं आर्टिकल, म्हणजे नामाच्या पुढे येणारा इंग्रजी 'द'सारखा छोटा शब्द, लिहिलं 'ले', आणि अनेकवचनाचंही 'ले'. वर्गात मी एक पुस्तक मागायचो, बाई विचारायच्या, "किती?" मला वाटायचं, बाईंना ऐकू कमी येतं. पण चूक माझ्या वहीत होती. एकवचनाचा 'ल' हा 'लवकर'मधला, फक्त ओठ थोडे गोल करायचे. अनेकवचनाचा 'ले' हा 'लेक'मधला. 'ल लिव्र' म्हणजे पुस्तक, 'ले लिव्र' म्हणजे पुस्तकं. लिव्र तेच! लिहिताना अनेकवचनाला शेवटी 'एस' लागतो, पण तो उच्चारत नाहीत.

आपल्याला सवय आहे शेपटीकडे बघायची. पुस्तक, पुस्तकं, पुस्तकात, पुस्तकाला. सगळी बातमी शब्दाच्या मागच्या बाजूला. फ्रेंचमध्ये शेपटी बहुतेक वेळा मुकी असते, आणि बातमी पुढे उभी असते. त्यामुळे आर्टिकलला दागिना समजून गाळू नका. ते गाळलं तर एक की अनेक, हेच समोरच्याला कळत नाही.

आता लिंग. इंग्रजीतून फ्रेंचकडे येणाऱ्या माणसाला 'खुर्ची स्त्रीलिंगी का?' हा प्रश्न छळतो. आपल्याला छळायचं कारण नाही, आपण रोज 'ती खुर्ची' म्हणतो. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच; नपुंसकलिंग नाही. अडचण वेगळीच आहे. खुर्ची जुळते, 'युन शेझ' ('युन' म्हणजे स्त्रीलिंगी 'एक'), आणि आपण निर्धास्त होतो. मग 'ते टेबल' तिकडे 'युन ताब्ल' होतं, आणि आपला चांदोबा, चक्क मामा, 'ला ल्युन' म्हणजे बाई निघतो; 'ला' हे 'ल'चं स्त्रीलिंगी रूप. म्हणून मराठीवरून अंदाज बांधू नका. मराठीचा उपयोग एवढाच, की लिंग का असतं हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

लिंग बदललं की अर्थही बदलतो, हे तर आपल्या घरातलंच. वेळ गेला आणि वेळ आली, यातला फरक कोणी शिकवला आपल्याला? तसंच तिकडे: 'ला तूर' म्हणजे मनोरा, पॅरिसमधला 1889 सालचा आयफेलचा. 'ल तूर' म्हणजे फेरी, 1903 पासून चालत आलेली सायकलींची शर्यत. आणि फ्रेंच माणसंही या बाबतीत भांडतात बरं का. 2020 मध्ये लोक सर्रास 'ल कोविद' म्हणत होते, तेव्हा भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या फ्रेंच अकादमीने सांगितलं, 'ला' म्हणा, कारण आजार हा त्यांचा शब्द स्त्रीलिंगी आहे. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. आपण 'ईमेल आला, आली की आलं' यावरून घालतो तोच वाद.

पाठांतराबद्दल एकच आग्रह धरतो. 'ल' आणि 'ला' लावून पाठ करू नका, 'अँ' (पुल्लिंगी 'एक') आणि 'युन' लावून करा. कारण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की 'ल' आणि 'ला' दोघेही आपला स्वर टाकून नुसते 'ल्' होतात. शाळा 'लेकॉल', झाड 'लार्ब्र'. यातलं स्त्रीलिंगी कोण? ऐकून सांगता येणार नाही. पण 'युनेकॉल' आणि 'अँनार्ब्र' म्हटलं की लपायला जागा नाही. शाळा स्त्रीलिंगी, झाड पुल्लिंगी.

क्रियापदांकडे वळू. बोलणं म्हणजे 'पार्ले'. ब्युटी पार्लरमधलं पार्लर आणि पार्लमेंट, दोन्ही मूळ याच क्रियापदातून आलेले. दोन्हीकडे मुख्य काम काय चालतं ते तुम्ही जाणताच. 'झ पार्ल', मी बोलतो. 'त्यु पार्ल', तू बोलतोस. 'इल पार्ल', तो बोलतो. ते बोलतात? तेही 'इल पार्ल'! लिहिताना क्रियापदाची तीन वेगळी रूपं दिसतात, कानाला मात्र 'पार्ल' एकच; बदलतात ती पुढची सर्वनामं. मराठीत नुसतं 'बोलतोस' म्हटलं तरी तू आलास. फ्रेंचमध्ये सर्वनाम गाळायची सोय नाही. 'तो' आणि 'ते' मात्र इथे कानाला वेगळे कळत नाहीत, ते संदर्भावरून ओळखायचं.

'त्यु' आणि 'वू' म्हणजे आपले तू आणि तुम्ही, त्यावर वेळ घालवत नाही. पण 'ऑं' सोडू नका. पुस्तकात 'आम्ही'साठी 'नू' शिकवतात, आणि रस्त्यावर जो तो 'ऑं' म्हणतो. 'ऑं पार्ल', आपण बोलतो. रूप 'तो'चं, अर्थ 'आपण'चा. "आपण असं करू नये" मधला, कोणालाच उद्देशून नसलेला आपणसुद्धा हाच 'ऑं'.

शेवटी एक खाऊ देतो, तुमच्या पातळीच्या थोडा पुढचा. मी चिठ्ठी लिहिली, मी निबंध लिहिला. लिहिणारा मी, पण क्रियापद चिठ्ठीच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये 'मी एक चिठ्ठी लिहिली' याला 'झे एक्री युन लेत्र'. इथे 'एक्री' चिठ्ठीला ओळखही देत नाही, कारण चिठ्ठी त्याच्यानंतर आली. आता 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणा: 'ला लेत्र क झे एक्रित'. चिठ्ठी पुढे येऊन उभी राहिली, आणि 'एक्री'चं 'एक्रित' झालं. या नियमात फ्रेंच मुलं शाळेत हमखास अडखळतात. आपल्या वाक्यात चिठ्ठी लिहिण्याच्या आधीच येते, म्हणून आपण दुसऱ्या वर्षापासून न चुकता 'लिहिली' म्हणतो.

चला, वह्या काढा. पहिला शब्द 'युन शेझ'. काका, तुम्ही सुरू करा.