पोरांच्या वहीत आलेलं एआय

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. आज बोलायचंय ते मोबाईलमधल्या एआयबद्दल, म्हणजे विचारलं की उत्तर नाहीतर निबंध लिहून देणाऱ्या मशीनबद्दल, कारण ते आता आमच्या पोरांच्या वह्यांत यायला लागलंय.

परवा 'रंकाळ्यावरची संध्याकाळ' हा निबंध दिलेला. एका वहीत 'निसर्गसौंदर्याने नटलेला नयनरम्य परिसर' वगैरे, काना-मात्रा कुठं चुकलेला नाही. पोराला जवळ बसवून विचारलं, तू गेला होतास का रे? तर सुटलाच, आज्जीबरोबर गेलो होतो, भेळ लय तिखट होती, बारक्या भावाचा फुगा वाऱ्यानं पाण्यात गेला आणि तो घरी येईपर्यंत रडत होता! आता यातलं एक तरी वहीत होतं का? पोराला वाटलं मशीनचं भारी, आपलं साधं. मी रागावले नाही, म्हटलं आधी तो फुगा लिही.

मदत घेऊ दे की, नको कोण म्हणतंय? पण लिहिलेलं पोराचं असावं, आणि एआयला काय विचारलं ते खाली एका ओळीत लिहावं. घरी ओरडा बसणार असेल तर पोर लपवणारच, तेव्हा आधी आपण ओरडणं थांबवू.

आणि हे मशीन चुकतं बरं का. पुढं कुठला शब्द येईल याचा अंदाज लावत ते वाक्य जुळवतं, त्यामुळं चुकीचंही अगदी ठामपणे सांगतं. शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम कधी काढला ते पोराला मशीनला विचारू द्या, मग पुस्तकात शोधू द्या. १९१७ साल आहे ते. दोन्हीकडं जुळलं तर छान, नाही जुळलं तर अजून छान, कारण तपासायची सवय अशीच लागते.

चॅटजीपीटी हे असंच एक एआय, त्याच्या कंपनीनंच सांगितलंय की ते १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. युनेस्कोनंही २०२३ साली वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वयच सुचवलंय. मग नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात फोन देऊन आपण स्वयंपाकाला लागायचं, हे नको. शेजारी बसा, टाईप तुम्ही करा, प्रश्न त्याला सांगू दे. युनिफॉर्ममधला फोटो, शाळेचं नाव, घरचा पत्ता त्यात टाकायचा नाही, कुणी कितीही गंमत म्हणून सांगितलं तरी.

मला सगळ्यात जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. वर्गात कुणी मारलं, घरात भांडणं झाली, की पोरं मोबाईलला सांगायला लागलीत, कारण तो कंटाळत नाही, गोड बोलतो, 'नंतर बघू' म्हणत नाही. आपण म्हणतो ना, दिवसातनं किती वेळा! पोर म्हणालं की मी हे मोबाईलला सांगितलंय, तर फोन हिसकावू नका, काय सांगितलंस विचारा आणि मधे न बोलता पूर्ण ऐका. आणि कुणी त्याच्या फोटोवरनं खोटं चित्र बनवलं, धमकी दिली, तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाईन आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते, पैसे पडत नाहीत. माझ्या वर्गात प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर तो नंबर लिहून घेतलाय, तुमच्या पोराच्याही वहीवर आजच लिहून टाका.