एक मे: साठ सालानंतरचा

श्रोतेहो, नमस्कार.

एक मे म्हटलं की १९६० आठवतं. मुंबईच्या राजभवनात पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या राज्याचं उद्घाटन झालं, यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. त्यामागे शंभराहून अधिक जणांचं बलिदान होतं. म्हणूनच हुतात्मा चौकातल्या स्मारकावर शेतकरी आणि कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत. ही कहाणी आपल्याला पाठ आहे. मला आज याच तारखेच्या पुढच्या पानांबद्दल बोलायचंय.

दोनच वर्षांनी, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तोवर विदर्भात जनपद सभा, इतरत्र लोकल बोर्ड, असा वेगवेगळा कारभार होता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून कायदा झाला आणि गावची शाळा, दवाखाना, रस्ता यांचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या माणसांकडे आला. माझ्या मते साठ सालाइतकाच हा दिवसही मोठा आहे. पहिल्या एक मेनं राज्य मिळालं, दुसऱ्यानं ते गावच्या वेशीपर्यंत आलं.

मग १९८१. अंतुले मुख्यमंत्री असताना औरंगाबादेतून जालना आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधी वेंगुर्ल्याच्या माणसाला जिल्हा कचेरीत काम निघालं तर? कोकण रेल्वे नव्हतीच. दीडशे किलोमीटरच्या पुढचा वळणावळणाचा रस्ता, भरलेली एसटी, पिशवीत कागद आणि भाकरी. एवढं करून रत्नागिरीला पोचावं, तर साहेब दौऱ्यावर! मग रात्री कुणाच्या तरी ओटीवर पथारी पसरायची. आज तोच माणूस ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतो. नकाशावर एक रेघ वाढली, पण त्या रेघेनं त्याचा मुक्काम वाचवला.

१९९९ च्या एक मेला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया निघाला. साठ साली सव्वीस जिल्हे होते, आज छत्तीस आहेत.

उद्या सकाळी सगळ्या जिल्ह्यांत ध्वजवंदन होईल. जालना, सिंधुदुर्गनगरी, हिंगोली आणि गोंदिया इथे मात्र राज्याच्या वाढदिवसासोबत जिल्ह्याचाही वाढदिवस असेल. तिथल्या श्रोत्यांना दोन्हींच्या मनापासून शुभेच्छा. नमस्कार.