गिटारचं लाकूड ओळखताना

टेबलावर ठेवलेल्या या गिटारच्या आत लेबल नाही. हातानं बनवलेली आहे, एवढं आतल्या पट्ट्यांवरच्या पटाशीच्या खुणांवरून कळतं. मालक आज सभागृहात आहेत. विकणाऱ्यानं त्यांना पाठीचं लाकूड ‘ब्राझिलियन रोझवूड’ हे दुर्मिळ, महागडं लाकूड असल्याचं सांगितलं आणि भाव लावताना त्याचे पैसेही धरले. ते खरं का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. तिथवर आपण जाऊच, पण थोडं वळणानं जाऊ.

पहिली गोष्ट, गिटार एका लाकडाची कधीच नसते. वरचा तक्ता म्हणजे टॉप, तो बहुतेक वेळा स्प्रूस किंवा सीडर या सूचिपर्णी झाडांचा. पाठ आणि बाजू रोझवूड, महोगनी, मेपल, अक्रोड अशा रुंद पानांच्या झाडांच्या. मानेचं लाकूड वेगळं, फ्रेटबोर्डचं, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीचं, त्याहून वेगळं. तेव्हा ‘हिचं लाकूड कोणतं’ या एका प्रश्नाचे चार-पाच प्रश्न होतात आणि प्रत्येकाला पुरावा स्वतंत्र लागतो.

दुसरी गोष्ट, पॉलिश केलेल्या भागावर विश्वास ठेवू नका. पॉलिशमध्ये रंग मिसळता येतो, छिद्रं भरता येतात, पांढऱ्या लाकडाला काळं करता येतं. आपल्याला उघडं लाकूड हवं. गिटारमध्ये ते आतल्या बाजूला मिळतं आणि बऱ्याचदा साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, कडेला मिळतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा, एवढ्यावर निम्मं काम होतं. वाजवून किंवा टिचकी मारून लाकडाची जात सांगणारे लोक भेटतात. त्यांचं म्हणणं मी आदरानं ऐकून घेतो आणि भिंग काढतो.

साउंडहोलच्या कडेपासून सुरुवात करू. इथे टॉपची जाडी दिसते, साधारण अडीच-तीन मिलिमीटर. वरच्या पृष्ठभागावरच्या उभ्या रेघा कडेवरून खाली सलग उतरताना दिसल्या तर तक्ता सबंध लाकडाचा आहे. मध्येच एक थर आडवा, वेगळ्या रंगाचा दिसला तर ते प्लाय आहे. स्वस्त गिटारींत हेच असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त विकताना ‘सॉलिड टॉप’ म्हणू नये. पाठीसाठी आरसा आत घाला. बाहेरून जिथे एखादी ठळक काळी रेघ आहे, आतून नेमकी तिथेच ती दिसायला हवी. नाही दिसली तर बाहेरचा थर म्हणजे वरून चिकटवलेलं व्हिनिअर. या गिटारची रेघ आतही जागच्या जागी आहे. म्हणजे पाठ सबंध लाकडाची.

आता टॉप. सूचिपर्णी लाकडात, आपण साग किंवा शिसव कापल्यावर पाहतो तशी छिद्रं नसतात, नुसतेच बारीक तंतू असतात. स्प्रूसमध्ये मात्र डिंकाच्या, म्हणजे राळेच्या, नळ्या असतात. कडेवर गडद वलयाच्या पट्ट्यात त्या पांढुरक्या ठिपक्यांसारख्या दिसतात, पृष्ठभागावर बारीक तपकिरी चिरांसारख्या. वेस्टर्न रेड सीडरमध्ये त्या नसतात. शिवाय ते मुळात सीडर नव्हेच, थुजा नावाचं, वेगळ्याच कुळातलं झाड आहे, पण व्यापारानं ठेवलेलं नाव आता कोण बदलणार? सीडर तांबूस असतं, इतकं मऊ की नखाचा ओरखडा राहतो. या टॉपवर राळेच्या नळ्या आहेत आणि आडव्या प्रकाशात तक्ता फिरवला की रेघांना काटकोनात रेशमी चमक धावते. ओंडका मध्यापासून त्रिज्येच्या दिशेनं चिरला की किरणपेशी, म्हणजे मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या, अशा चमकतात. म्हणजे स्प्रूस, आणि चांगला चिरलेला स्प्रूस. पण सिटका, एंगलमन की युरोपातला? सिटकाच्या गाभ्यात किंचित गुलाबी झाक असते खरी. पण जुना झाल्यावर सगळाच स्प्रूस पिवळा पडतो. भिंगानं या भावंडांना वेगळं काढणं जमत नाही. जो ठामपणे सांगतो, त्यानं बिल पाहिलेलं असतं.

खरा मुद्दा पाठीचा आहे. इथे छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात, विखुरलेली, मोठी. भिंगाखाली त्यांच्या भोवती आणि मधून फिकट पेशींच्या बारीक, नागमोडी ओळी दिसतात. आणि आतल्या उघड्या लाकडावर टॉर्च तिरपा धरला की अगदी बारीक आडव्या लाटा दिसतात, एकाखाली एक रचलेल्या, मिलिमीटरभरात कितीतरी. किरणपेशी मजल्यांसारख्या एका पातळीत रचलेल्या असल्या की अशी लहर उमटते. ही सगळी लक्षणं एकत्र आली की मी डॅल्बर्जिया या प्रजातीपर्यंत सहीनिशी येतो. आपली शिसव, उत्तरेतला शीशम, ब्राझिलियन रोझवूड, मादागास्करचं रोझवूड, सगळी याच घरातली.

पुढचा टप्पा अवघड आहे. ब्राझिलियन म्हणजे डॅल्बर्जिया नायग्रा, आणि शिसव म्हणजे डॅल्बर्जिया लॅटिफोलिया. दोघींत ती लहर असते, दोघींत काळ्या रेघा असतात. ब्राझिलियनचा रंग तांबूस-तपकिरी, रेघा वेड्यावाकड्या, कधी कोळिष्टकासारख्या पसरलेल्या. शिसवीला जांभळट झाक आणि रेघा तुलनेनं सरळ. पण उजेडात वर्षानुवर्षं राहून दोन्ही तपकिरी होतात. म्हणून रंग आतून पाहायचा, जिथे ऊन पोचलेलं नाही. आत, गिटारच्या खालच्या टोकाच्या ठोकळ्याजवळ, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवला, मालकांच्या परवानगीनं. बोळा जांभळा झाला. शिसवीचा हा रंग गिटार दुरुस्त करणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो, कारण पाठ पुसताना तो शेजारच्या पांढऱ्या स्प्रूसवर चढला की डाग जाता जात नाही.

लाकडातून रंग उतरण्याची ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मधुमेहासाठी बिबळ्याच्या लाकडाचा पेला वापरणारी घरं महाराष्ट्रात आहेत. रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तपकिरी होतं आणि उजेडात धरलं की त्यात निळसर झाक मारते. औषध म्हणून त्याचं मला विचारू नका. पण ती निळी झाक हे बिबळ्याच्या टेरोकार्पस प्रजातीचं ओळखचिन्ह आहे आणि लाकूड ओळखणारे ते वापरतात.

तर मालकांना उत्तर असं. डॅल्बर्जिया नक्की. शिसव असण्याची शक्यता बरीच. ब्राझिलियन म्हणावं असं मला काही सापडलं नाही. याहून पक्कं हवं असेल तर बंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था किंवा देहरादूनची वन संशोधन संस्था आहे. अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या ॲशलँडला वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासाची प्रयोगशाळा आहे. तिथे लाकडाची बारीकशी ढलपी रासायनिक विश्लेषणाला लावतात आणि गाभ्यातल्या रसायनांच्या नमुन्यावरून डॅल्बर्जियांतल्या बहिणी वेगळ्या काढतात.

यात एक गंमत आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलनं ओंडक्यांची निर्यात आवळली आणि १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार कंपनीनं रोझवूडच्या गिटारींसाठी भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून जगभरच्या कारागिरांचं नेहमीचं रोझवूड म्हणजे आपली शिसव. दक्षिणेतल्या चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेली झाडं हाही तिचा एक स्रोत. त्याआधी एकोणिसाव्या शतकात याच लाकडाचं कोरीव फर्निचर ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ नावानं विलायतेला जात होतं. आणि आपल्याच माणसाला ते ‘ब्राझिलियन’ सांगून जास्त पैशाला विकलं जातं.

बाकीचे भाग भराभर पाहू. फ्रेटबोर्ड काळाकुट्ट आहे, पण टोकाची कड पाहा, तिथे काळ्याखाली तपकिरी डोकावतंय. म्हणजे रंगवलेलं लाकूड. एबनी असतं तर ते आतपर्यंत काळं निघालं असतं, फार तर करड्या पट्ट्यांचं. अलीकडे फ्रेटबोर्डला ‘इंडियन लॉरेल’ असं भारदस्त नाव वाचायला मिळतं. तो आपला ऐन. मानेचं लाकूड हलकं, गुलाबी-तपकिरी आहे. आडव्या छेदावर वाढीच्या वलयांच्या सीमेला एक बारीक फिकट रेघ दिसते. अमेरिकी महोगनीत ती असते, आफ्रिकन महोगनीत म्हणजे खायात सहसा नसते. स्पॅनिश सीडर असतं तर घासल्यावर सिगारच्या पेटीचा वास आला असता. मिरजेत सतार-तंबोऱ्याला वापरतात तो तून याच महोगनीच्या कुळातला. मिरजेच्या कारागिरांच्या हाती स्पॅनिश सीडर दिलं तर ते वासावरून नातं ओळखतील, असं मला वाटतं.

आता कोणीतरी विचारणारच, की एवढं ओळखून आवाजात काय फरक पडतो? आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिरानं १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बांधली होती, टॉपचं महत्त्व दाखवायला. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाठीचं लाकूड सोडून बाकी सारख्या सहा गिटारी बांधून घेतल्या आणि ५२ वादकांना अंधुक उजेडात, वेल्डरचे गॉगल घालून वाजवायला दिल्या. त्यात ब्राझिलियन रोझवूड होतं, भारतीय होतं, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोड होतं. वादकांना त्यांत फारसा फरक करता आला नाही. माझं मत विचाराल तर पाठीच्या लाकडाचा भाव बव्हंशी दिसण्याचा आणि दुर्मिळतेचा असतो.

पण कायद्याला फरक पडतो. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून सायटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे व्यापार जवळपास बंद. २ जानेवारी २०१७ पासून डॅल्बर्जियाच्या बाकी सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि वादकांची पंचाईत झाली. सीमेवर गिटारसाठी कागद लागू लागले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ही सूट शिसवीच्या गिटारला आहे, ब्राझिलियनला नाही. म्हणून मालकांना माझा सल्ला असा, की विकणाऱ्यानं पावतीवर ‘ब्राझिलियन’ लिहिलं असेल तर ती पावती गिटारच्या पेटीत ठेवून परदेशी जाऊ नका. आधी तपासणीचा लेखी अहवाल घ्या. आणि जास्तीचे पैसे परत मागायचे असतील, तर तोच अहवाल तिथेही उपयोगी पडेल.