चाळिसांच्या यादीबाहेर

अमेरिकेतील बेसबॉलचा हंगाम शरद ऋतूच्या अखेरीस संपतो आणि मैदाने रिकामी होतात. पण मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, तीसही संघांच्या कचेऱ्यांमध्ये नोव्हेंबरचा मध्य हा वर्षातील सर्वांत कठीण निर्णयांचा काळ असतो. प्रत्येक संघाला चाळीस खेळाडूंची एक यादी ठेवता येते आणि या यादीत ज्याचे नाव असते, तो संघाकडे सुरक्षित राहतो. त्याच संघाच्या छत्राखाली मायनर लीगच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर, म्हणजे अगदी नवख्यांच्या संघांपासून सर्वांत वरच्या ट्रिपल-एपर्यंत, आणखी कितीतरी खेळाडू घाम गाळत असतात. त्या सगळ्यांना चाळिसांत जागा मिळणे शक्य नसते. जे बाहेर राहतात, त्यांच्यापैकी पात्र ठरलेल्या कोणालाही डिसेंबरमध्ये दुसरा संघ उचलून नेऊ शकतो. या निवडीला रूल फाइव्ह ड्राफ्ट असे म्हणतात.

पात्रतेचा हिशेब वयावर आणि सेवेच्या वर्षांवर बसवलेला आहे. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांच्या आत, आणि एकोणीस वा त्याहून अधिक वयात आलेल्याला चार हंगामांच्या आत चाळिसांच्या यादीत घ्यावे लागते. तसे न केल्यास त्याच्यावरचे संरक्षण उठते. आयपीएलमध्ये संघाने कायम न ठेवलेला खेळाडू मोकळा होतो आणि लिलावात उतरतो, तसे येथे घडत नाही. येथे संघाने खेळाडूला सोडलेले नसते, त्याचा करारही चालूच असतो; केवळ त्याच्याभोवतीचे कुंपण त्या एका दिवसापुरते उघडे राहते.

हे कुंपण उघडे ठेवण्याची गरज का भासली, हे समजून घेण्यासाठी ब्रँच रिकी या नावाकडे वळावे लागते. सेंट लुईस कार्डिनल्सचा कारभार पाहताना रिकी यांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत छोट्या शहरांतील संघ ताब्यात घेऊन स्वतःचे खेळाडू घडवणारी मोठी व्यवस्था उभी केली, आणि पाहता पाहता इतर संघांनीही तोच मार्ग धरला. गुणी खेळाडू मोठ्या संख्येने एकाच मालकाच्या हाती एकवटू लागले. त्या काळी करारातील कलमांमुळे खेळाडूला स्वतःहून दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती, त्यामुळे वरच्या संघात जागा नसेल तर चांगल्या खेळाडूची उमेदीची वर्षे खालीच संपून जात. खालच्या संघातील खेळाडू निवडून वर घेण्याची पद्धत बेसबॉलमध्ये त्याआधीपासून होती. पण आता ती अशा अडकून पडलेल्या खेळाडूसाठी बाहेर पडण्याचा एकमेव दरवाजा ठरली.

या दरवाजातून आलेल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला घेऊन जाणारे प्रशासक स्वतः रिकीच होते. फेब्रुवारी १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने पोर्तो रिकोच्या रोबेर्तो क्लेमेंटे या एकोणीस वर्षांच्या मुलाला १० हजार डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले. तेव्हाच्या नियमानुसार ४ हजार डॉलरहून अधिक बोनस घेतलेल्या नवोदिताला मुख्य संघात ठेवावे लागे, अन्यथा वर्षअखेरीस तो निवडीसाठी खुला होई. डॉजर्सनी त्याला मॉन्ट्रियलच्या मायनर संघात पाठवले. तेथे त्याला फार कमी खेळवले गेले. इतरांच्या नजरेस पडू नये म्हणूनच तसे केले की काय, यावर आजही अभ्यासकांचे एकमत नाही. रिकी तोवर पिट्सबर्ग पायरेट्समध्ये आले होते. त्यांचे सहकारी क्लाइड सुकफोर्थ एका वेगळ्याच पिचरला (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) पाहण्यासाठी गेले असताना, सामन्याआधीच्या सरावात क्लेमेंटेचे दुरून येणारे थ्रो त्यांच्या नजरेत भरले. तळाला राहिलेल्या पायरेट्सकडे पहिली निवड होती, आणि २२ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांनी क्लेमेंटेला ४ हजार डॉलरमध्ये घेतले. पुढची अठरा वर्षे तो त्याच संघाकडून खेळला आणि त्याच्या नावावर बरोबर तीन हजार हिट, म्हणजे यशस्वी फटके, नोंदवले गेले.

आज या निवडीची किंमत एक लाख डॉलर आहे. मेजर लीगच्या व्यवहारात ही रक्कम किरकोळच म्हणायची. खरी किंमत वेगळीच आहे. निवडलेल्या खेळाडूला पुढचा संपूर्ण हंगाम मुख्य संघाच्या सव्वीस जणांत ठेवावे लागते. त्याला मायनर लीगमध्ये धाडता येत नाही, आणि दुखापतीच्या यादीत टाकून वेळ काढण्याची पळवाटही नियमाने अरुंद केली आहे, कारण किमान नव्वद दिवस तो खेळण्यास उपलब्ध असावा लागतो. ठेवायचे नसेल तर त्याला आधी इतर संघांपुढे ठेवावे लागते. कोणी त्याला घेतले तर हीच अट त्या संघावर जाते, आणि कोणीच घेतले नाही तर मूळ संघ ५० हजार डॉलर परत करून त्याला घरी नेऊ शकतो. निवडलेले बरेचसे खेळाडू असेच परततात. म्हणूनच निवडीच्या दिवशी अनेक संघ आपली पाळी सोडून देतात, आणि ज्यांची चाळिसांची यादी भरलेली आहे, त्यांना तर निवड करताच येत नाही.

डिसेंबर १९९९ चे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पहिली निवड मिनेसोटा ट्विन्सची होती आणि दुसरी फ्लोरिडा मार्लिन्सची. दोन्ही संघांनी आधीच बोलणी करून ठेवली होती: मिनेसोटाने मार्लिन्सना हवा असलेला पिचर घेतला, मार्लिन्सनी ह्यूस्टनच्या व्यवस्थेतील योहान सांताना या वीस वर्षांच्या व्हेनेझुएलन पिचरला घेतले, मग दोघांची अदलाबदल झाली आणि मार्लिन्सनी वर ५० हजार डॉलर दिले. निवडीची तेव्हाची किंमत तेवढीच असल्याने सांताना मिनेसोटाला जवळजवळ फुकटच मिळाला. मायनर लीगच्या खालच्या पायरीवरच्या सिंगल-एमधून थेट मेजर लीगमध्ये आलेल्या या मुलाचा २०००चा हंगाम अतिशय खडतर गेला आणि दर नऊ इनिंगमागे त्याच्या चेंडूफेकीवर ६.४९ धावा निघाल्या. दुसऱ्या एखाद्या संघाने त्याला केव्हाच परत पाठवले असते. मिनेसोटाचा संघ त्या वर्षी ९३ सामने हरला. त्याच्याकडे गमावण्यासारखे फारसे नव्हते, म्हणून त्याने ती जागा अडवून ठेवली. अट संपल्यावर, २००२ मध्ये, सांतानाला ट्रिपल-एमध्ये एडमंटनला पाठवण्यात आले. तेथील प्रशिक्षक बॉबी क्वेयार यांनी त्याला प्रत्येक बॅटरला किमान एक चेंज-अप टाकायला लावला. वेगवान चेंडूसारखाच हात फिरवून टाकलेला हा संथ चेंडू पुढे त्याचे मुख्य अस्त्र बनला, आणि २००४ व २००६ मध्ये अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला.

मात्र सांतानाची गोष्ट सांगताना होसे बाउतिस्ताचा २००४चा हंगाम विसरता येत नाही. पायरेट्सनी असुरक्षित ठेवलेल्या या खेळाडूला बॉल्टिमोरने निवडले. तेथून टॅम्पा बे, मग कॅन्सस सिटी, मग न्यूयॉर्क मेट्सच्या हातून पुन्हा पिट्सबर्ग, असा प्रवास त्याला एकाच वर्षात करावा लागला. ज्या वयात रोज मैदानात उतरायला हवे, त्या वयात तो बहुतेक वेळ बाकावर होता. २०१० मध्ये याच बाउतिस्ताने टोरोंटोकडून ५४ होम रन फटकावले. नियम खेळाडूला संधी देतो हे खरे, पण त्या बदल्यात त्याच्या सरावाचे एक अख्खे वर्ष घेतो, आणि ते भरून कसे काढायचे याची तरतूद नियमात नाही. माझ्या मते ही उणीव गंभीर आहे.

तरीही खेळाडूंना आपले नाव पुकारले जावे असे का वाटते, हे वेतनाच्या आकड्यांवरून कळते. २०२३ मध्ये, मायनर लीगच्या खेळाडूंनी प्रथमच सामूहिक करार मिळवल्यानंतरही, ट्रिपल-एचे किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर होते. त्याच वर्षी मेजर लीगचे किमान वेतन ७ लाख २० हजार डॉलर होते.

निवडीचा क्रम गुणतालिकेच्या उलट लागतो, म्हणजे तळाच्या संघाची पाळी आधी येते, आणि त्यामागे तर्कही आहे, कारण अननुभवी खेळाडूला वर्षभर सांभाळणे दुबळ्या संघालाच परवडते. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने तब्बल १२१ सामने गमावले. डिसेंबरमध्ये त्यांनी पहिल्याच निवडीत मिलवॉकीकडून शेन स्मिथ हा पिचर घेतला. आपल्या गटात पहिल्या आलेल्या मिलवॉकीला चाळिसांच्या यादीत त्याच्यासाठी जागा काढता आली नव्हती. शिकागोने त्याला हंगामाच्या आरंभापासून नियमित खेळवले, आणि जुलै २०२५च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, सामन्यासाठी व्हाइट सॉक्सचा प्रतिनिधी म्हणून निवड झाली ती त्याचीच.