चेंडू परत द्यायचा

श्रोतेहो, नमस्कार. आज अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या बेसबॉलबद्दल सांगते. टीव्हीवरचा बेसबॉल नव्हे, गावचा. गावानं चालवलेला.

तिथे 1924 पासून हौशी संघांची राज्यस्पर्धा भरते. 1950 साली जवळपास आठशे संघ होते. मग घरोघरी टीव्ही आला, 1961 मध्ये व्यावसायिक ट्विन्स संघ आला, आणि बाहेरच्या खेळाडूंना पैसे मोजता मोजता गावं थकली. गावकऱ्यांनी स्वतः लीग सांभाळली तिथे खेळ तगला. स्टर्न्स काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात तर जेमतेम काहीशे वस्तीच्या गावांचेही संघ आहेत.

भाच्याकडे गेले होते, तेव्हा त्यानं मला तिथला एक सामना दाखवला. रविवारची दुपार. मागे चर्चचा मनोरा, कुंपणापलीकडे मका. आम्ही घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. तिसऱ्या डावात एक फाउल चेंडू, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, जाळीवरून उडाला आणि माझ्या पायाशी येऊन थांबला. पांढरा, लाल टाक्यांचा. आठवण म्हणून पर्समध्ये ठेवणार, तोच सात-आठ वर्षांची एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. हात पुढे. बोलली काहीच नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, इथे चेंडू परत द्यायचा असतो."

मोठ्या स्टेडियममध्ये तो प्रेक्षकाचा होतो. इथे परत द्यायचा, कारण तो गावाच्या पैशानं आलेला. मी दिला. तिनं माझं बोट धरलं आणि मला थेट खाऊच्या खिडकीपाशी नेलं. आत सॉसेज भाजत होत्या त्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या आई. एका चेंडूला एक पेप्सी, आपली पिशवीतली बर्फाची पेप्सी असते ना, तशी. मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं वर केली. बाईंनी दोन दिल्या.

त्या खिडकीच्या गल्ल्यातूनच चेंडू येतात, दिव्यांचं बिल भरतं. सामन्याआधी मैदानावर दाताळं ओढणारा माणूस नंतर बॅट घेऊन उतरला. पगार कुणालाच नाही. आणि आपल्याकडे? शाळेचं मैदान लग्नाला भाड्यानं देतात, मुलं गेटबाहेर. मला हे मुळीच पटत नाही.

तिथली आणखी एक रीत मला फार आवडते. राज्यस्पर्धेला जाणारा संघ आपल्या भागातल्या हरलेल्या संघांचे पिचर सोबत घेऊ शकतो. कालपर्यंत ज्याला हरवायचं होतं, त्याच्यासाठी आज अख्खं गाव टाळ्या वाजवतं.

सामना संपला तेव्हा ऊन कललं होतं. खेळाडूंनी गणवेशातच दाताळी उचलली. आणि ती मुलगी मक्याच्या कडेला वाकून अजून एक चेंडू शोधत होती.